तुटलेली जपमाळ आणि हाती आलेले १०५ मणी

विचारलेलं थोडक्यात असं: आजीची तुळशीची जपमाळ तुटली. घरभर शोधून १०५ मणी आणि मेरुमणी (मोजणीत न धरला जाणारा टोकाचा मोठा मणी) हाती आले, तीन मणी गेले ते गेलेच. माळ घरीच पुन्हा ओवायची आहे. तीन मणी कमी चालतील का? १०८ हाच आकडा का? ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध माळांत आकडे वेगळे असतात ते कशाने? आणि माळ तुटणं अशुभ असतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मनाला टोचणारा तोच आहे. माळ तुटते ती दोरा झिजल्यामुळे. मण्याच्या वेजाची, म्हणजे भोकाची, कड दोऱ्यावर रोज घासते, घाम आणि तेल सुतात मुरतं आणि एक दिवस सूत तुटतं. त्यात अशुभ काही नाही, उलट आजीने ती माळ मनापासून ओढली होती एवढंच त्यातून दिसतं.

तीन मणी कमी ठेवून मात्र ओवू नका. मेरू ते मेरू म्हणजे एक माळ हा हिशेब बोटांच्या अंगवळणी पडलेला असतो, १०५ मण्यांच्या माळेत तो कायमचा चुकतो. त्याच जाडीचे तीन नवे तुळशीमणी आणा आणि ते कुठेतरी लपवण्याऐवजी २७व्या, ५४व्या आणि ८१व्या जागी घाला. नव्या मण्यांचा रंग फिकट असेल, स्पर्श थोडा खरखरीत असेल. तो फरक इथे उपयोगी पडतो: पाव, अर्धी, पाऊण माळ झाल्याचं डोळे न उघडता कळतं. तिबेटी माळांमध्ये याच तीन जागी मुद्दाम वेगळ्या रंगाचे मणी घालतात. मणी मिळालेच नाहीत तर ५४ मण्यांची छोटी माळ करा आणि दोन फेऱ्यांची एक माळ धरा. उरलेले मणी जपून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला लागतील.

आता १०८. ज्योतिषाचा हिशेब सगळ्यांत सरळ आहे: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण. किंवा १२ राशी गुणिले ९ ग्रह. योगाच्या ग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० धरतात. त्यांचा अर्धा भाग १०,८०० आणि त्याचा शंभरावा हिस्सा १०८. तांत्रिक परंपरा अक्षरांकडे वळते. अक्षमाला म्हणजे ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची ५० अक्षरं, सुलट-उलट मिळून १००, आणि वर्णांच्या आठ वर्गांचे ८. जैनांचा हिशेब पंचपरमेष्ठींच्या गुणांचा आहे: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५, साधूंचे २७, बेरीज १०८. बौद्धांकडे सहा इंद्रियं, सुखद-दुःखद-उदासीन असे तीन अनुभव, आसक्त आणि अनासक्त असे दोन प्रकार, तीन काळ, गुणाकार पुन्हा १०८. जपानमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री देवळातली घंटा १०८ वेळा वाजवतात ती याच हिशेबाने. ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आकडा मात्र एकच आहे. माझं मत असं की आकडा आधी पक्का झाला असावा आणि प्रत्येक परंपरेने त्याला आपल्या घरातला अर्थ दिला. शिवाय हा आकडा हाताला सोयीचा आहे. त्याचे अर्धे ५४, पाव २७, म्हणून छोट्या माळाही याच घराण्यातल्या राहतात. आणि वरचे आठ मणी चुकीसाठी सोडता येतात: माळ १०८ची ओढायची, संख्या १०० लिहायची, मन भरकटून वाया गेलेले जप त्या आठांत जमा. हिंदूंमध्ये आणि तिबेटी बौद्धांमध्ये दोन्हीकडे ही मोजणी चालते.

आता प्रत्यक्ष ओवण्याकडे. मणी एका ताटात जाडसर कापड पसरून त्यावर ठेवा. स्टीलच्या उघड्या ताटात मणी उडतात. प्रत्येक मण्याच्या वेजातून बारीक तार फिरवून जुन्या सुताचे तुकडे आणि मळ काढा. पाण्याने धुवू नका. तुळशीचं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वाळताना रेषेतून तडकतं. कोरड्या मऊ ब्रशने घासणं पुरे. उजेडासमोर धरून तडा गेलेले मणी वेगळे काढा, ते आज नाही तर महिन्याने फुटतीलच. मग चार वाट्या घ्या आणि प्रत्येकीत २७ मणी मोजून टाका, दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. हा सगळा खटाटोप अशासाठी की गाठींची माळ पूर्ण झाल्यावर १०७ निघाले तर मधे मणी घालता येत नाही, सगळं उसवावं लागतं. घरी ओवलेल्या माळांमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

दोरा कोणता? रेशीम उत्तम, आपल्याकडचे पटवेकरी दागिने गाठवायला तेच वापरत आले, पण घामाने ते कमकुवत होतं आणि दीड-दोन वर्षांत बदलावं लागतं. सुती दोरा परंपरेला धरून आहे, स्वस्त आहे, मात्र सर्वांत लवकर कुजतो. सोवळ्यासाठी सूतच हवं असेल तर तीन पदरी पीळ घालून त्यावरून मधमाशीचं मेण फिरवा. रोजच्या वापराला ०.८ मिलिमीटरचा गोफासारखा विणलेला नायलॉन दोरा सर्वांत टिकाऊ. इलास्टिक मुळीच नको. ते ताणलं जातं, मण्यांमध्ये फटी पडतात आणि काही महिन्यांत बेसावध क्षणी तुटतं. मासे धरायच्या गळाचा गुळगुळीत दोराही नको, त्यावर निरगाठ टिकत नाही, आपोआप सुटत जाते.

लांबीचा हिशेब करून मगच दोरा कापा. मणी ८ मिलिमीटरचे असतील तर १०८ मण्यांची नुसती लांबी ८६.४ सेंटिमीटर. प्रत्येक मण्यानंतर गाठ घालणार असाल तर पहिल्या मण्याआधीची धरून एकूण १०९ गाठी होतात. ०.८ मिलिमीटरच्या दोऱ्यावर एक साधी घट्ट गाठ साधारण ९ मिलिमीटर दोरा खाते, म्हणजे गाठींनाच जवळजवळ एक मीटर लागतो. मेरू आणि गोंड्यासाठी ४० सेंटिमीटर धरा. बेरीज सव्वादोन मीटरच्या आसपास येते, तरी तीन मीटर घ्या, कारण दोरा दहा मणी राहिले असताना संपला तर जोड देता येत नाही. गाठींमुळे माळेचा घेर ८६ वरून १०३ सेंटिमीटरच्या आसपास जातो. जुन्या गोमुखीत (जप करताना माळ ठेवायच्या पिशवीत) ती मावेल का, हे आधी पाहून घ्या.

गाठी घालायच्याच का? बिनगाठीची माळ हलकी, लवचीक आणि तासाभरात होणारी असते. पण तुटली की सगळे मणी सांडतात, आणि मणी एकमेकांवर घासून झिजतात. गाठीच्या माळेत तुटल्यावर एखादाच मणी निसटतो, आणि बोटाला प्रत्येक मणी सुटा लागतो. आजीच्या मण्यांसाठी गाठींची माळच करावी, एवढं श्रमाचं मोल त्या मण्यांना आहे.

दोऱ्याचं टोक तीन-चार सेंटिमीटर फेव्हिक्विकमध्ये बुडवून वाळवा आणि तिरकं कापा, सुईची गरज उरत नाही. दुसऱ्या टोकाशी २० सेंटिमीटर सोडून पहिली गाठ घाला. मणी ओवा, गाठीशी सरकवा. मग मण्याच्या पुढे एक सैल साधी गाठ घाला, त्या गाठीच्या वेढ्यात दाभणाचं टोक घाला आणि दाभणाने गाठ मण्यापर्यंत ढकलत न्या. गाठ मण्याला टेकली की दाभण काढा आणि लगेच दोरा ओढून घट्ट करा. दाभण नसेल तर जाड सुई चालेल. बोटांनी ढकलायला गेलात तर गाठ दोन मिलिमीटर अलीकडेच आवळते आणि मण्याशेजारी फट राहते. पहिले पाच-सहा मणी असेच बिघडतील, ते उसवून पुन्हा करा, त्यानंतर हात बसतो. गाठ मण्याच्या वेजापेक्षा मोठी हवी. वेज दीड मिलिमीटरचं आणि दोरा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर गाठ वेजात घुसते आणि माळ ढिली पडते. अशा वेळी दोरा दुहेरी घ्या. उलट जाड दोरा बारीक वेजात रेटला तर तुळशीचा मणी उभा फुटतो. एका वाटीतले मणी संपले की मागे मोजा आणि मगच पुढच्या वाटीला हात लावा.

बिनगाठीची ओवणार असाल तर शेवटी एका मण्याच्या रुंदीइतका, म्हणजे ८ ते १२ मिलिमीटर दोरा मोकळा सोडा. अगदी ठासून भरलेली माळ काठीसारखी ताठ होते, अंगठ्याने मणी पुढे सरकत नाही आणि दोरा वेजाच्या कडेला कापला जातो.

शेवटी दोन्ही टोकं एकत्र मेरुमण्यातून खालच्या बाजूला काढा आणि मेरूखाली एकावर एक दोन निरगाठी घाला. सुरगाठ इथे चालत नाही. गोंड्यासाठी आठ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर दोरा ४०-५० वेढे गुंडाळा, वरच्या बाजूने माळेच्या टोकांनी बांधा, खालून कापा आणि मानेशी दहा-बारा वेढे घट्ट द्या. गोंडा शोभेपुरता नसतो, शेवटची गाठ त्याच्या आत झाकली जाते आणि टोकांना घासणी लागत नाही. नायलॉनची टोकं काडेपेटीच्या आचेने वितळवून बंद होतात. रेशीम आणि सूत वितळत नाही, जळतं, म्हणून तिथे डिंकाचा थेंब.

माळ तयार झाली की पंचामृतात बुडवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. रुद्राक्षाला किंवा स्फटिकाला ते लगेच धुऊन टाकलं तर बाधत नाही. तुळशीला बाधतं. दूध आणि मध लाकडाच्या छिद्रांत जातो, मुंग्या लागतात, पावसाळ्यात बुरशी धरते. तुळशीपत्राने थेंबभर पाणी शिंपडून कोरड्या कापडाने पुसा.

नवे मणी घेताना एक सावधगिरी. तुळशीचं खोड बोटाएवढं, फार तर अंगठ्याएवढं जाड होतं, त्यामुळे १२-१५ मिलिमीटरचे एकसारखे गुळगुळीत १०८ मणी स्वस्तात मिळाले तर ते दुसऱ्या कुठल्या लाकडाचे असण्याची शक्यता अधिक. पंढरपुरात काशीकापडी समाजातल्या कुटुंबांचा तुळशीमाळा करण्याचा धंदा पिढीजात आहे, तिथून घेतलेले मणी भरवशाचे. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ आणि जपाची माळ या दोन वेगळ्या गोष्टी, हेही लक्षात असू द्या. गळ्यातली माळ व्रताची खूण असते, ती काढून जप करत नाहीत.

रुद्राक्षाची गोष्ट वेगळी. त्याला मधोमध नैसर्गिक वेज असतं, फक्त ते साफ करावं लागतं. ओवताना मुखाला मुख आणि पुच्छाला पुच्छ लावायची रीत आहे, अक्षमालिकोपनिषदातही असंच सांगितलं आहे. ‘खरा रुद्राक्ष पाण्यात बुडतो’ ही परीक्षा निरुपयोगी आहे, वाळलेला अस्सल रुद्राक्ष तरंगू शकतो आणि शिसं भरलेला नकली बुडतो. दोन तांब्याच्या नाण्यांमध्ये तो फिरतो ही परीक्षाही तशीच. खात्रीची खूण आत असते: जितकी मुखं (इथे अर्थ बाहेरच्या उभ्या रेषा), तितके आतले कप्पे, आणि ते क्ष-किरण चित्रात दिसतात. पाचमुखी इतका मुबलक असतो की त्यात नकली करण्यात कुणाला फारसा फायदा नाही, फसवणूक होते ती एकमुखी आणि जास्त मुखांच्या मण्यांत. रुद्राक्ष साबणाने धुतला की कोरडा पडून तडकतो. वर्षातून दोनदा तिळाच्या तेलाचं बोट फिरवा. खोबरेल नको, ते खवट होतं.

स्फटिकाला कठीणपणा आहे आणि तेच दोऱ्याचं मरण. वेजाची कड काचेसारखी धारदार असेल तर कुठलाही दोरा टिकत नाही, आधी कड घासून गोल करून घ्यावी लागते. वैजयंतीचे मणी म्हणजे रानजोंधळ्यासारख्या एका गवताचं टणक बी. त्याला निसर्गतःच आरपार वेज असतं, म्हणून जगात अनेक ठिकाणी ख्रिस्ती लोकांनीही याच बियांच्या जपमाळा केल्या. गुंजेच्या बिया दिसायला सुंदर, त्यांच्याही माळा करतात, पण घरी गुंजेला भोक पाडू नका. आतला गर अत्यंत विषारी आहे. अखंड बी कठीण कवचामुळे बहुधा तसंच बाहेर पडतं, भोक पाडलेलं किंवा चावलेलं बी जीवावर बेतू शकतं. लहान मूल असलेल्या घरात ती माळ नकोच.

माळ ओढताना ती मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरू आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. याचे आध्यात्मिक अर्थ तुम्ही ऐकले असतीलच. हातकामाच्या बाजूनेही ही रीत शहाणपणाची आहे: सुरुवात कुठे ते बोटाला कळतं आणि मणी सतत एकाच दिशेने घासत नाहीत. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राला तीन सेकंद धरले तर एक माळ साडेपाच मिनिटांची होते. इस्कॉनमधले साधक रोज १६ माळा करतात, म्हणजे १,७२८ वेळा ‘हरे कृष्ण’ महामंत्र. माळ हाताशी नसेल तर करमाळा आहे, म्हणजे अंगठ्याने बोटांच्या पेरांवर जप मोजणं. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करून खालचं पेर, मग करंगळीची तीन पेरं खालून वर, अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीची तीन पेरं वरून खाली, असे दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही.

इतर धर्मांच्या माळांचे आकडे वेगळे दिसतात, कारण त्यांची प्रार्थना वेगळ्या तुकड्यांत विभागलेली आहे. माळ त्या तुकड्यांचा साचा असते. हे एकदा ध्यानात आलं की कुणाचीही माळ हातात आली तरी ती वाचता येते.

बौद्ध माळ १०८चीच, आपल्याच मातीतली. चिनी त्रिपिटकातल्या एका छोट्या सूत्रात बुद्ध एका राजाला अरिष्टकाचे १०८ मणी ओवून सतत जवळ ठेवायला सांगतात. अरिष्टक म्हणजे रिठा, ज्याच्या फेसाने आपल्याकडे दागिने धुतात. तिबेटी माळेत गुरुमणी असतो आणि त्यावर शंकूसारखा छोटा मणी. माळेला दहा-दहा छोट्या मण्यांच्या दोन सरी लटकवतात, एकीला वज्र, दुसरीला घंटा. एक माळ झाली की पहिल्या सरीतला एक मणी वर सरकवायचा, ते दहा झाले की दुसऱ्या सरीतला एक. लाख-लाख जप करणाऱ्यांसाठी याहून सुटसुटीत हिशेब मी पाहिलेला नाही, आपल्या जपमाळेलाही अशा दोन सरी लावून घ्यायला काही हरकत नाही. सरीचा दोरा मेण लावलेला आणि वेजात घट्ट बसणारा हवा, नाहीतर मणी आपोआप घसरतात. जपानच्या शिंगोन पंथाच्या माळेत दोन मोठे मणी आणि चार लहान खुणेचे मणी जास्तीचे असतात. खुणेचे मणी सातव्या आणि एकविसाव्या मण्यानंतर येतात, कारण काही मंत्र तेवढेच म्हणायचे असतात.

जैन माळ, म्हणजे नवकारवाळी, १०८ अधिक वरचे तीन अशी १११ मण्यांची असते. ते तीन सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याचे. जुन्या पेटीत १११ मण्यांची माळ सापडली तर तीन मणी जास्तीचे समजून काढू नका. सुताच्या गाठींची माळही जैनांत चालते. शिखांमध्ये १०८ची माळ आहेच, शिवाय २७ मण्यांची छोटी सिमरना आणि लोखंडी मण्यांची माळही वापरतात.

मुस्लिमांची माळ, म्हणजे तसबीह, ३३ किंवा ९९ मण्यांची. नमाजनंतर ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३३ किंवा ३४ वेळा अल्लाहू अकबर म्हणायचं असतं. ९९ हा अल्लाहच्या नावांचाही आकडा. शिया परंपरेत क्रम उलटा सुरू होतो, आधी ३४ वेळा अल्लाहू अकबर, आणि करबलाच्या मातीच्या मण्यांना त्यांच्यात फार मान. ९९च्या माळेत ३३ आणि ६६ नंतर वेगळ्या आकाराचा दुभाजक असतो, आणि मेरूच्या जागी लांबट इमाम. दुभाजक मोजायचे नसतात, दुरुस्ती करणारे इथेच फसतात आणि दुभाजक धरून ९९ भरतात. तसबीह आपल्या जपमाळेपेक्षा बरीच सैल ओवतात, इमामाजवळ दोन-तीन बोटं दोरा मोकळा असतो, मणी टपटप खाली पडावा म्हणून. ती घट्ट करून देणं ही सुधारणा नाही. बोटांच्या पेरांवर मोजणंच श्रेष्ठ मानणारेही पुष्कळ आहेत, म्हणजे करमाळेशी तिथेही भेट होते. अकिकाचे (एका कठीण रंगीत दगडाचे) मणी घ्यायचे तर गुजरातमधलं खंभात शतकानुशतकं त्यासाठी प्रसिद्ध आहे. अकिकाला बहुधा दोन्ही बाजूंनी वेज पाडतात, ती दोन भोकं मधे नीट जुळली नसतील तर आत पायरी राहते आणि दोरा तिथेच कापला जातो. मण्यातून ताठ तार घालून पाहा, अडखळली तर तो मणी घेऊ नका.

कॅथलिक रोझरी सगळ्यांत गुंतागुंतीची. एकूण ५९ मणी. वर्तुळात दहा-दहाचे पाच गट, गटांच्या मधे चार सुटे मणी, खाली लोंबणाऱ्या सरीत एक, तीन, एक असे पाच, आणि टोकाला क्रूस. सुट्या मण्यावर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना, दहाच्या गटात प्रत्येक मण्यावर मरियेला वंदन. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं पाठ नसणाऱ्यांसाठी १५० वंदनांची प्रार्थना रूढ झाली. हातातली माळ तिच्या एक तृतीयांशाची, म्हणून पोर्तुगीजमध्ये तिला तिसरा हिस्सा या अर्थाचं नाव पडलं आणि गोव्यात ती ‘तेर्स’ झाली. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं (मनन करायचे प्रसंग, प्रत्येकाला दहा वंदनं) जोडली, त्यामुळे पूर्ण प्रार्थना आता २०० वंदनांची आहे. नाव मात्र तिसऱ्या हिश्शाचंच राहिलं, आणि संध्याकाळच्या तेर्साला गोव्यातल्या घरांत अजून तोच शब्द चालतो.

रोझरी बहुतेक वेळा दोऱ्यात नसते, तारेच्या कड्यांत गुंफलेली असते, म्हणून ती तुटते ती जागाही ठरलेली: मधलं पदक जिथे तीन सरी जोडतं तिथे, आणि क्रूसाच्या वरच्या कडीत. उघडलेली कडी दोन चपट्या पकडींनी धरून एक टोक पुढे आणि एक मागे असं आडवं फिरवून बंद करा. बाहेर ताणून उघडलेली कडी पुन्हा कधीच गोल होत नाही. तार ०.६ ते ०.८ मिलिमीटरची घ्या. सुट्या मण्याच्या दोन्ही बाजूंना साखळीची जी जास्त मोकळी जागा असते ती तशीच ठेवा. दहा संपले हे बोटाला त्या मोकळ्या जागेवरूनच कळतं. तुटलेलं छोटं करून जोडणारे नेमकी तीच जागा खाऊन टाकतात.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती भिक्षूंनी मणी बाजूलाच ठेवले. त्यांची जपदोरी लोकरीच्या ३३, ५० किंवा १०० गाठींची, आणि प्रत्येक गाठ नऊ क्रूस एकमेकांत विणून केलेली. ती गाठ सुटत नाही, आवाज करत नाही, अंधारात हाताला लागते. बहाई लोक रोज ९५ वेळा ‘अल्लाहु अब्हा’ म्हणतात, त्यासाठी ९५ मण्यांची किंवा १९ मण्यांची माळ पाच फेऱ्यांनी. यहुदी धर्मात जपमाळ नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींच्या प्रार्थनेच्या शालीला चार कोपऱ्यांवर गाठी मारलेले धागे असतात, पण ते देवाच्या आज्ञांची आठवण म्हणून, जप मोजण्यासाठी नव्हेत. पारशांची कमरेला बांधायची ७२ धाग्यांची कस्तीही तशीच, मोजणीची नव्हे. दोन्ही कधी माळ म्हणून दुरुस्तीला घेऊ नका, त्यांच्या गाठींचे नियम त्या-त्या समाजातल्या जाणत्यांकडेच आहेत.

पुन्हा तुमच्या माळेकडे. ओवून झाल्यावर एक रात्र ती खुंटीला टांगून ठेवा. सकाळी मेरूजवळ थोडी ढील पडलेली दिसेल, म्हणून गोंडा आदल्या दिवशी न बांधता दुसऱ्या दिवशी बांधा. पुढे दर सहा महिन्यांनी मेरूच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच मणी बाजूला करून दोरा उजेडात पाहा. मेरू आणि गोंड्याचा भार तिथेच येतो आणि दोरा तिथूनच विरायला लागतो. एखादा तंतू उभा राहिलेला दिसला की तुटायची वाट न पाहता दोरा बदला. जुना सुती दोरा आणि तडकलेले मणी नदीत सोडण्याऐवजी घरच्या तुळशीच्या कुंडीत मातीआड करा. नायलॉनचा दोरा मात्र कुंडीत नको, तो कुजत नाही.

आणि नव्या तीन मण्यांची काळजी करू नका. रोज माळ ओढलीत तर बोटांच्या तेलाने तेही काळसर आणि गुळगुळीत होतात. तोवर २७, ५४ आणि ८१ कुठे येतात हे हाताला पाठ झालेलं असेल.